संगणकातील दप्तराची राखण

ह्या स्मरणिकेत न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा अधिकारी मंडळींनी घेतलाच आहे. आमच्याकडे संपादक मंडळाने निराळे काम सोपविले. "कचेरीतील संगणकाचे काम तुम्ही पाहता, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेविषयी सर्वांना समजेल असे काही लिहा," असे त्यांचे सांगणे. विषय रुक्ष आहे, हे आम्ही जाणतो. महोत्सवाच्या आनंदात कुलपे-किल्ल्यांची चर्चा कोणाला रुचावी? तरीही ती करणे अगत्याचे का वाटले, हे आधी सांगितले पाहिजे.

न्यासाच्या कचेरीत एक जुने लोखंडी कपाट आहे. त्याला कुलपे दोन. एका कुलपाची किल्ली चिटणीसांकडे आणि दुसऱ्याची खजिनदारांकडे. दोघे आल्याखेरीज कपाट उघडत नाही. त्या कपाटात कीर्द, खतावणी, सभांची इतिवृत्ते ह्यांच्या जोडीला एक बारीकशी वही असे. ज्या विद्यार्थ्यांची फी न्यासाने भरली, ज्या निराधार भगिनींना दरमहा साहाय्य दिले, ज्यांच्या आजारपणात औषधांचा खर्च उचलला, त्यांची नावे त्या वहीत. वार्षिक सभेत ही वही कधी वाचली गेली नाही. अहवालात येतात ते आकडे : इतके विद्यार्थी, इतकी कुटुंबे. नावे येत नाहीत. ह्या हाताचे त्या हाताला कळू न देता साहाय्य करावे, घेणाऱ्याची मान आपल्यासमोर खाली जाऊ नये, ही आपल्या संस्थापकांची रीत होती. पन्नास वर्षांत त्या वहीतले एकही नाव बाहेर गेले नाही. आमच्या मते न्यासाच्या इमारतीपेक्षाही ही कमाई मोठी आहे.

ती वही आता कपाटात नाही, संगणकात आहे. पूर्वी तीत केवळ नाव आणि रक्कम असे. आता अर्जदाराच्या वडिलांचे उत्पन्न, बँकेतील खात्याचा क्रमांक, आधार कार्डाची प्रत, डॉक्टरांचा दाखला, सारे काही असते. कपाटाच्या किल्ल्या आजही दोघांच्याच हाती आहेत. पण ह्या नव्या वहीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, असे गेल्या वर्षी आम्ही स्वतःलाच विचारले, तेव्हा आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. यादीचा दुवा कोणाला कोणाला पाठविला गेला होता, ह्याचा पत्ता लावण्यात दोन दिवस गेले. तिघांनी न्यासाचे काम केव्हाच सोडले होते; वही मात्र त्यांना अजून उघडता येत होती. त्यांनी ती उघडली नाही, हा त्यांचा चांगुलपणा. पण राखण दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडणे म्हणजे राखण नव्हे.

संगणकांच्या मोठ्या जाळ्याची देखभाल करणाऱ्यास इंग्रजीत सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आम्ही त्याला येथे सरळ 'कारभारी' म्हणू. हे काम गूढ आहे, ते विद्वानांनीच करावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. मोठमोठ्या संस्थांवर आलेल्या संकटांची कारणे पाहिली, तर बहुतेक ठिकाणी कारभारातील एखादी साधी, कंटाळवाणी गोष्ट राहून गेलेली आढळते. अशा काही गोष्टी एकेक घेऊन पाहू.

१. वही वाचणारा हवा

सन १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करू लागले. त्या काळी संगणक जितका वेळ वापरावा तितके पैसे वापरणाऱ्याच्या नावे मांडले जात. एका महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक निघाला. हजारो डॉलरांच्या हिशेबात ७५ सेंट म्हणजे काहीच नव्हे. पण स्टोल ह्यांनी फरकाचा माग काढला, तेव्हा असे दिसले की कोणी एक मनुष्य प्रयोगशाळेचा संगणक वापरतो आहे आणि त्याचे पैसे कोणाच्याच नावे मांडता येत नाहीत.

स्टोल ह्यांनी लगेच दार लावून घेतले नाही. बाहेरून येणाऱ्या तारांना त्यांनी छपाईयंत्रे जोडली आणि तो आगंतुक जे जे टंकलिखित करी ते कागदावर उतरवून घेतले. महिनोन्‌महिने हा पाठलाग चालला. शेवटी माग पश्चिम जर्मनीतील हॅनोवर शहरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस हा तो इसम. तो आणि त्याचे साथीदार अमेरिकेच्या लष्करी संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्यास विकत होते. सन १९९० मध्ये त्यांना शिक्षा झाली.

ह्या हकीकतीत आम्हांस लक्षणीय वाटते ती आरंभीची गोष्ट. चोर सापडला तो पहारेकऱ्यामुळे नव्हे, हिशेब जुळविणाऱ्यामुळे. प्रत्येक संगणक आपल्याकडे कोण आले, केव्हा आले, काय केले, ह्याची नोंदवही आपोआप लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. पण लिहिणारा यंत्र असले तरी वाचणारा माणूसच लागतो. जी कीर्द कोणी तपासत नाही ती लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखेच. न्यासाच्या ई-मेल खात्यात कोणत्या दिवशी, कोणत्या गावाहून, कोणत्या यंत्रावरून प्रवेश झाला, ह्याची यादी खात्यातच पाहावयास मिळते. आठवड्यातून एकदा ती डोळ्यांखालून घालण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. एखाद्या नोंदीचा मेळ बसला नाही, तर ती क्षुल्लक म्हणून सोडू नये. हिशेबतपासनिसाला पैचा फरकही चालत नाही, तो ह्याचसाठी.

२. सर्व किल्ल्या एका हाती नकोत

दोन वर्षांपूर्वीची आपल्याच न्यासाची गोष्ट. ई-मेलचे खाते एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने उघडले होते आणि पडताळणीचा सहा आकडी क्रमांक, म्हणजे ओटीपी, त्याच्या मोबाईलवर येई. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला आणि त्याचा जुना क्रमांक बंद झाला. ऐन जून महिन्यात, विद्यार्थ्यांचे अर्ज येऊ लागले असता, खात्याने पडताळणी मागितली. क्रमांक यावयाचा तो बंद पडलेल्या मोबाईलवर. जवळजवळ तीन आठवडे खाते उघडले नाही. त्या अवधीत महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या मुदती टळत होत्या. दोन मुलींची फी विश्वस्तांपैकी एकाने स्वतःच्या खिशातून भरली, म्हणून निभावले. दोष त्या तरुणाचा मुळीच नव्हता. त्याने काम केले होते. आम्ही व्यवस्था केली नव्हती.

संगणकशास्त्रात ह्याविषयी जुने आणि स्पष्ट मार्गदर्शन आहे. सन १९७५ मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर ह्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची काही तत्त्वे एका निबंधात मांडली. त्यांतील एक असे की, ज्याला त्याच्या कामापुरता जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, अधिक देऊ नये. दुसरे असे की, शक्य तेथे कुलूप दोन किल्ल्यांनी उघडणारे असावे, म्हणजे एका माणसाच्या चुकीने वा फसगतीने सारे जात नाही. हे वाचताना आम्हांला आपले लोखंडी कपाट आठवले. न्यासाच्या संस्थापकांनी तो निबंध वाचला असण्याचा संभव नाही. पण अनुभवाने ते त्याच ठिकाणी पोहोचले होते.

आम्हा इंदूरकरांस तर हे तत्त्व अधिकच परिचयाचे असावयास हवे. होळकरांच्या राज्यात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन हिशेब वेगळे होते. अहिल्याबाईंनी देशभर जो दानधर्म केला तो खासगीतून. दौलतीच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही, असा त्यांचा लौकिक आहे. राज्यकर्ती एकच असताही तिजोऱ्या दोन! संगणकाच्या चांगल्या कारभाऱ्यालाही हेच करावे लागते. सर्वाधिकाराचे खाते वेगळे आणि रोजच्या कामाचे खाते वेगळे ठेवतात. रोजची पत्रे वाचताना, चित्रे पाहताना सर्वाधिकाराच्या खात्याने बसू नये. चुकून एखादे विषारी पत्र उघडले गेले, तर नुकसान त्या लहान खात्यापुरते राहते.

३. किल्ली कशी असावी

पासवर्ड ही संगणकाची किल्ली. सन १९८८ च्या २ नोव्हेंबर रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने संगणकांच्या जाळ्यात एक कार्यक्रम सोडला. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपली नक्कल करीत पसरत गेला. जाळ्यातील सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० च्या आसपास यंत्रे त्याने अडविली, असा त्या वेळचा अंदाज होता. आत शिरण्याच्या त्याच्या युक्त्यांपैकी एक अगदी साधी होती : वापरणाऱ्याचे नावच पासवर्ड म्हणून घालून पाहणे, आणि तेवढ्याने न साधल्यास काही शेकडा नेहमीच्या शब्दांची यादी एकामागून एक लावून पाहणे. पुष्कळ दारे त्याने उघडली. ह्या प्रसंगानंतरच अशा संकटांत एकमेकांना सावध करणारे पहिले केंद्र अमेरिकेत स्थापन झाले. आपल्या देशात असे केंद्र २००४ पासून आहे. त्याचे नाव सर्ट-इन.

अठ्ठावीस वर्षांनी, २०१६ मध्ये, हीच गोष्ट पुन्हा घडली. 'मिराय' नावाच्या कार्यक्रमाने घरोघरचे पाळतीचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ होत्या कारखान्यातून येणाऱ्या नावांच्या आणि पासवर्डांच्या सुमारे ६० जोड्या, दुसरे फारसे काही नाही. लोकांनी यंत्र विकत आणले, भिंतीवर लावले आणि पासवर्ड बदललाच नाही. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. आपल्या सभागृहातही कॅमेरे आहेत आणि राउटरही आहे. नव्या घरात राहावयास जाताना आपण जुने कुलूप बदलतो. तसेच हे आहे.

किल्ली कशी करावी, ह्याविषयीचा सल्ला मध्यंतरी बदलला आहे, तो ध्यानात ठेवावा. सन २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेत बिल बर ह्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेमुळे पासवर्डात अंक, चिन्हे, मोठी अक्षरे घालावीत आणि तो ठरावीक मुदतीने बदलावा, अशी रीत जगभर पडली. परिणाम असा झाला की लोक एकच शब्द घेऊन शेवटचा आकडा तेवढा बदलू लागले. सन २०१७ मध्ये खुद्द बर ह्यांनी त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नवे मार्गदर्शन दिले. पासवर्ड लांब असावा, तीन-चार असंबद्ध शब्द जोडून केला तरी चालेल. तो फुटल्याचा संशय येताच बदलावा, एरव्ही उगाच बदलीत बसू नये. आम्ही त्यात दोन गोष्टींची भर घालतो. एका खात्याचा पासवर्ड दुसऱ्यास कधी वापरू नये. आणि महत्त्वाच्या खात्यास पासवर्डाच्या जोडीला दुसरी पडताळणी अवश्य असावी. मुलांच्या वाढदिवसाची तारीख ही किल्ली नव्हे. ती तर साऱ्या नातलगांना ठाऊक असते.

४. डागडुजी वेळेवर

कौले पावसाळ्यापूर्वी चाळावी लागतात, गळू लागल्यावर नव्हे. संगणकाच्या कार्यक्रमांतही छिद्रे असतात. ती सापडली की निर्माता कंपनी दुरुस्ती पाठविते. पडद्यावर 'अपडेट' म्हणून जी सूचना येते आणि आपण 'उद्या पाहू' म्हणून दूर सारतो, ती हीच.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका मोठ्या छिद्राची दुरुस्ती पाठविली. त्यानंतर दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर कार्यक्रम त्याच छिद्रातून शिरला. तो यंत्रातील सर्व कागदपत्रे कूटलिपीत बांधून टाकी आणि सोडवणुकीसाठी पैसे मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ रुग्णालय-संस्थांपैकी सुमारे ८० संस्थांच्या कामावर परिणाम झाला आणि रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द कराव्या लागल्या, असा अंदाज तेथील सरकारी हिशेबतपासनिसांनी पुढे दिला. ज्या रुग्णालयांत हा रोग शिरला तेथे ती दुरुस्ती केलेली नव्हती, किंवा यंत्रेच इतकी जुनी होती की कंपनीने त्यांकडे लक्ष देणे सोडले होते. औषध दोन महिने आधी दारात येऊन पडले होते; घेणाऱ्याने ते उघडले नाही.

तेव्हा कारभाऱ्याजवळ एक यादी हवी : आपल्याकडे यंत्रे किती, त्यांत कार्यक्रम कोणते, आणि कोणत्याची दुरुस्ती कंपनीने थांबविली आहे. ज्याची यादी नाही त्याची राखण होत नाही. आम्ही अशी यादी करावयास बसलो, तेव्हा ग्रंथालयातील एक जुना संगणक आम्ही विसरलोच होतो असे आढळले. तो कोपऱ्यात धूळ खात होता. जाळ्याला मात्र जोडलेला होता.

५. नक्कल दुसऱ्या गावी

मर्स्क ही डेन्मार्कची जगविख्यात जहाज कंपनी. जून २०१७ च्या २७ तारखेस तिच्या संगणकांवर 'नॉटपेट्या' नावाचे संकट आले. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ते पसरले होते. वरकरणी ते खंडणीखोर दिसे. वस्तुतः त्याने बांधलेले कागद सोडविण्याचा मार्गच नव्हता. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचे झाले.

कंपनीच्या जाळ्यात कोण कोणते आणि कोणाला कोठे प्रवेश, ह्याची मूळ यादी ठेवणारे सर्व्हर जगभर पसरलेले होते. एक गेला तर दुसऱ्यावरून यादी मिळेल, अशी योजना. पण सर्व एकमेकांना सदैव जोडलेले असल्यामुळे सर्वच एकदम गेले. अपवाद एकाचा. आफ्रिकेतील घाना येथील कचेरीत त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तेथला सर्व्हर बंद होता आणि बंद होता म्हणूनच वाचला. त्यातील तबकडी माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि तिच्यावरून सारा डोलारा पुन्हा उभा राहिला. वीज गेल्याबद्दल कोणी देवाचे आभार मानले असतील, तर ते ह्या कंपनीने!

ह्यापासून घ्यावयाचा बोध असा. नक्कल आहे एवढे पुरेसे नाही. ती मुळापासून तोडलेली असली पाहिजे. कारभाऱ्यांत एक सूत्र रूढ आहे : प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. आणखी एक काम लोक हमखास विसरतात. वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून कागद परत काढून पाहावेत. विहिरीला पाणी आहे की नाही हे आग लागल्यावर पाहावयाचे नसते.

६. उलट विचारण्याची रीत

शेवटचे उदाहरण आपल्या घराजवळचे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाची. सन २०१८ च्या ११ ऑगस्टला, शनिवारी, तिच्या कार्डांच्या नकली प्रतींवर २८ देशांतील यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवार, १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी ४२ लाख.

हे कसे झाले? यंत्रातून पैसे मागितले की 'द्यावेत काय?' अशी विचारणा बँकेच्या मुख्य हिशेबाकडे जाते आणि तेथून होकार आल्यावरच नोटा बाहेर येतात. चोरांनी वाटेत आपला खोटा होकार देणारा बसविला. विचारणा मुख्य हिशेबापर्यंत पोहोचतच नव्हती; तो तोतया परस्पर 'द्या' म्हणत होता.

आपल्यापुढे रोज येणारी फसवणूक ह्याच जातीची असते. अध्यक्षांचे छायाचित्र लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर निरोप येतो, "मी बैठकीत आहे, फोन करू नका, अमुक रक्कम ताबडतोब पाठवा." घाई, गुप्तता आणि पैसा ही तीन एकत्र आली की समजावे, मध्ये तोतया बसला आहे. उपाय एकच. ज्या वाटेने निरोप आला त्या वाटेने खात्री करू नये. आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारावे. असे विचारण्यात थोरांचा अवमान होत नाही. आपल्या अध्यक्षांनीच सभेत सांगितले आहे की, "माझ्या नावाने पैसे मागितले आणि तुम्ही मला उलट विचारले नाही, तर दोष तुमचा." हे वाक्य कचेरीच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. आणि तरीही कोणाची फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावे. पैसा पुढच्या खात्यांत पळण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो.

आपली वहिवाट

एवढे सांगून न्यासाने काय ठरविले ते नमूद करतो. संगणकातील साहाय्याची वही आता तीनच माणसांना उघडता येते आणि त्यांची नावे इतिवृत्तात लिहिलेली आहेत. खात्यांची पडताळणी एकाच्या खासगी मोबाईलवर येत नाही. न्यासाचा स्वतंत्र क्रमांक आहे. सर्वाधिकाराचा पासवर्ड कागदावर लिहून, लखोटा मोहरबंद करून, त्याच जुन्या दोन कुलपांच्या कपाटात ठेवला आहे. कारभाऱ्याला उद्या काही झाले तर न्यास अडू नये, हा हेतू. सभागृहात लग्नाकार्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वायफाय वेगळे केले आहे. त्यावरून कचेरीच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. अर्ज निकालात निघाल्यावर आधार कार्डाची प्रत ठेवण्याचे कारण उरत नाही, म्हणून ती नष्ट करण्यात येते. जे आपल्याजवळ नाही ते चोरीस जात नाही. दर शनिवारी एक नक्कल काढून तबकडी संगणकापासून अलग केली जाते, आणि महिन्यातून एक तबकडी उज्जैनला राहणाऱ्या विश्वस्तांकडे जाते.

पद सोडणाऱ्या कार्यकर्त्याने कार्यभार देताना किल्ल्याही द्यावयाच्या आणि त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावयाचा, असाही नियम केला आहे. ह्यात अविश्वास नाही. उलट, पुढे काही गहाळ झाले तर त्याच्याकडे बोट दाखविले जाऊ नये, म्हणून ही त्याचीच सोय आहे. दिवाळीच्या पाडव्याला आपण वह्यांची पूजा करतो. त्याच दिवशी खात्यांची, यंत्रांची आणि किल्ल्यांची यादी दोघा विश्वस्तांनी समोरासमोर बसून तपासावी, अशी प्रथा आम्ही सुरू केली आहे.

कोणी म्हणेल, आमच्या लहानशा न्यासावर कोण नजर ठेवणार? मॉरिसच्या कार्यक्रमाने किंवा मिरायने कोणाचे नाव विचारले नव्हते. उघडे दार सापडले तेथे ते शिरले. शिवाय, आता हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. सन २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या अधिनियमाने, दुसऱ्याची माहिती संगणकात बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाचे आणि ती फुटल्यास संबंधितांना कळविण्याचे बंधन घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

परंतु कायद्याचा धाक हे आमच्या मते दुय्यम कारण. मुख्य कारण त्या बारीकशा वहीत आहे. आपल्याच समाजातील एखाद्या कुटुंबाने अडचणीच्या दिवसांत संकोच गिळून आपल्या दारी अर्ज दिला. आपल्यावर विश्वास टाकला. त्या विश्वासावरूनच आपल्याला विश्वस्त म्हणतात. त्या घरातील मुलगी आज शिकून मोठ्या पदावर असेल, तिचे लग्न ह्याच सभागृहात झाले असेल, आणि तिच्या सासरच्या मंडळींस न्यासाने तिची फी भरली होती हे ठाऊक नसेल. ते सांगावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. संगणकातील एका विसरलेल्या दुव्याने तो तिच्याकडून हिरावून घेता कामा नये.

आपल्या वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षे ते कपाट नीट लावून घेतले. पुढील पन्नास वर्षे कपाट कोणते असेल हे सांगता येत नाही. पण सायंकाळी कचेरी बंद करताना एकदा हात लावून कुलूप ओढून पाहण्याची त्यांची सवय मात्र आपण उचलावी. तरुण सभासदांपैकी ज्यांना ह्या कामाची आवड असेल त्यांनी पाडव्याच्या दिवशी कचेरीत यावे. यादी मोठी आहे, आणि आमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.